अक्कांच्या कहाणीतली थोरली

कुणाकडे काहीही झालं की अक्का पहिला प्रश्न एकच विचारायच्या, "ह्यात वंगाळ कोण?" नळाला पाणी आलं नाही, वंगाळ कोण? समोरच्या गुप्तांच्या मुलाचं लग्न मोडलं, वंगाळ कोण? एकदा माझं दूध नासलं. मी म्हटलं, "अक्का, उन्हाळा आहे, नासणारच." पदराने वारा घेत त्या म्हणाल्या, "उन्हाळ्याला काय नाक-डोळं हायत का? माणूस सांग." शेवटी दूधवाल्या भैयावर सगळं ढकललं तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं.

वंगाळ म्हणजे वाईट. हा शब्द आमच्या खानदेशात मी ऐकला नव्हता. अक्का मिरजेकडच्या. मुलगा रेल्वेत क्लार्क, त्याच्याबरोबर त्या जयपूरला आलेल्या. खातीपुऱ्याकडे रेल्वेच्या क्वार्टरांत आमची मराठी घरं मोजकीच होती, आणि त्या सगळ्या घरांच्या त्या अक्का होत्या. अंगाने बारीक, आवाज मात्र असा की पलीकडच्या लाइनीतल्या बायकाही भांडी घासायच्या थांबायच्या.

मी लग्न होऊन जयपूरला आले तेव्हा मला हिंदी येत नव्हती आणि मराठीतही मी फारसं बोलत नसे. आमचे हे सिग्नलच्या कामाला, सकाळी गेले की संध्याकाळपर्यंत घर मला खायला उठायचं. तेव्हा एक दिवस अक्का दार न वाजवताच आत आल्या. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "रडत हुतीस. सासू वंगाळ का नवरा?"

"दोघंही चांगले आहेत," मी म्हटलं.

"मग रडतीस कशाला?"

"भाजीवाला काय बोलतो ते कळत नाही. तो हसतो."

"मग भाजीवाला वंगाळ. चल." आणि मला हाताला धरून त्या बाहेर घेऊन गेल्या. त्या भाजीवाल्याशी त्या इतक्या भांडल्या की मलाच त्याची दया आली. तो बिचारा हात जोडून म्हणत होता, "माताजी, मैं तो ऐसे ही हँस रहा था." पण त्यानंतर तो माझ्याकडे बघून हसला नाही आणि कोथिंबीर फुकट देऊ लागला. मला वाटलं, या बाईजवळ राहिलं तर आपल्याला बोलावंच लागणार नाही. तेव्हा ते चांगलं वाटलं होतं.

श्रावणातले शुक्रवार अक्कांकडे असायचे. तिथल्या लोकांचा सावन आमच्या श्रावणाच्या पंधरवडाभर आधी लागतो. त्यांची अर्धी व्रतं झाली की आमची सुरू. गुप्ताभाभी दरवर्षी चिडवायच्या, "अक्काजी, आपका सावन फिर लेट चल रहा है?" अक्का म्हणायच्या, "लेट है, पर कॅन्सल नहीं है." भिंतीवर जिवतीचा कागद लावलेला असायचा. गावाकडे कुणी जाणार असलं की तो आणायला सांगायचा, कारण जयपुरात तो मिळत नसे. आदर्श नगरहून विमा कंपनीतल्या साहेबांच्या बायको कुलकर्णीबाईही रिक्षा करून यायच्या. पूजा झाली की अक्का प्रत्येकीच्या हातावर अक्षता ठेवायच्या आणि कहाणी सुरू करायच्या. कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही, मध्ये उठायचं नाही. संपली की अक्षता देवीला वाहायच्या, मग दूध आणि फुटाणे.

नेहमीची कहाणी झाली की अक्का तिला जोडून स्वतःची एक सांगायच्या. खरं म्हणजे बायका त्यासाठीच यायच्या. त्यात आटपाट नगर असायचं, राजा असायचा, देवी असायची. पण वाईट बाई आमच्यातली असायची. नाव कधीच घेत नसत. एका वर्षी कहाणीत एक नणंद आली. तिला नारळाचं फार वेड. ती भावजयीकडून खोवणी घेऊन गेली आणि परत द्यायचं नावच काढीना. देवीने शाप दिला, "तुझ्या घरच्या नारळाला पाणी राहायचं न्हाई." कुलकर्णीबाईंच्या गळ्यावर लाल चट्टे उठले. जयपुरात तशी खोवणी कुठे मिळायची? अक्कांनी ती मिरजेहून आणलेली. दुसऱ्या दिवशी साहेबांचा ड्रायव्हर ती कागदात गुंडाळून देऊन गेला. आम्ही सगळ्या हसलो. मीही हसले.

मी एकदा विचारलं होतं, "अक्का, चांगल्या बाईचं कधी वर्णन का नाही करत? ती नुसती भोळी असते."

"चांगल्या बाईला कहाणीत काय काम? ती बसून रडती. वंगाळ बाई उठती, कायतरी करती, मग गाडी पुढं जाती."

"आणि तुमच्या सूनबाई कधीच कशा येत नाहीत?"

"घरचं माणूस घालायचं न्हाई गं. जेवायला कोण वाढंल?"

आता सुनीताचं सांगते. सुनीता माझी धाकटी जाऊ. दीर सांगानेरला कापड छापायच्या कारखान्यात लागला होता, म्हणून ती दोघं आमच्याकडेच राहायची. ती बारावी झालेली. लग्नाच्या आधी तिने नर्सिंगचा फॉर्म भरला होता आणि लग्नानंतर तिचा नंबर लागला, माहेराजवळच्याच गावात. दिराच्या कानावर हे आलं आणि तो घाबरला. कारण आमच्या सासूबाईंनी लग्न ठरवतानाच सांगितलं होतं, शिकणं नाही, नोकरी नाही. "शिकलेली सून हाताखाली राहत नाही," असं त्यांचं म्हणणं.

सुनीता माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, जाऊ दे. नशिबात नाही."

मला चौथीनंतर शाळेतून काढलं होतं. बाईंनी घरी येऊन वडिलांना सांगितलं होतं की मुलगी हुशार आहे, तरी काढलं, कारण पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती. नशीब हा शब्द मला तेव्हापासून आवडत नाही. मी आयुष्यात स्वतःच्या डोक्याने फार थोड्या गोष्टी केल्या. त्यातली ही एक. मी म्हटलं, "तू जायचं. घरी सांगू की तब्येत बरी नाही, माहेरी गेलीय. पुढचं पुढे." ह्यांना आणि दिराला मी तयार केलं. कुणी विचारलं तर तिच्या माहेरच्यांनीही हेच सांगायचं ठरलं.

ज्या दिवशी ती निघाली त्या दिवशी मी बॅग घेऊन पुढे आणि ती रडत मागे. स्टेशनला जायला उशीर होत होता आणि ती सारखी वळून क्वार्टरकडे बघत होती. मी ओरडले, "मागे बघू नकोस, चल!" मी कधी मोठ्याने बोलत नाही. जन्मात एकदा बोलले ते सगळ्या लाइनीने ऐकलं.

त्या आठवड्यातला श्रावणी शुक्रवार. अक्षता हातात आल्या, नेहमीची कहाणी झाली आणि अक्कांनी घसा साफ केला.

"आटपाट नगर व्हतं. तिथं दोन जावा व्हत्या. धाकटी भोळी. थोरली तोंडातनं शबूद काढायची न्हाई. जी बोलत न्हाई ती पोटात ठेवती."

कुलकर्णीबाईंची मान माझ्याकडे वळली. मग एकेकीची. मला वाटलं, पुढे काही वेगळं येईल. पण कहाणी पुढे गेली तशी थोरलीने धाकटीला उपाशी ठेवलं, तिचे दागिने लपवले आणि एक दिवस भर दुपारी तिचं गाठोडं उचलून तिला वेशीबाहेर काढलं. "आनि म्हनली काय? मागं बघू नकोस, चल!"

बायकांनी च्यक् च्यक् केलं. उठून जावं असं वाटलं, पण मुठीत अक्षता. खरं सांगितलं तर सुनीताचं गुपित फुटणार, गप्प राहिले तर मी वाईट. देवीने थोरलीला शाप दिला. कहाणी संपली. सगळ्यांबरोबर मीही उठले आणि त्या अक्षता देवीला वाहिल्या. माझ्याविरुद्धच्या कहाणीला मीच अक्षता वाहिल्या. मला आजही ते आठवलं की स्वतःचा हात ओरबाडावासा वाटतो.

रेल्वेच्या माणसांना पास असतो. त्यांच्याबरोबर गोष्टीही फुकट प्रवास करतात. राखीला कुणीतरी भुसावळला गेलं आणि कहाणी आमच्या गावी पोचली. सासूबाईंनी फोनवर बोलावून घेतलं. मी एसटीडी बूथच्या काचेच्या खोक्यात उभी, बाहेर माणसं खोळंबलेली.

"माझी सोन्यासारखी लहान सून हाकलून दिली तू?"

"आई, तसं नाही..."

"मग कसं? बोल ना!"

मी फोनच्या मीटरवर पळणारे आकडे बघत राहिले. त्या म्हणाल्या, "राहू दे तिला माहेरी. तुझ्या घरात मी तिला पाठवणार नाही. आणि मी बी येणार नाही."

मला तेव्हा दिवस गेलेले होते. सासूबाई बाळंतपणाला येणार असं ठरलेलं होतं. माझी आई नाही. थंडीत मला मुलगी झाली आणि सासूबाई आल्या नाहीत. जयपूरची थंडी हाडात शिरते. दवाखान्यातून घरी आले तर चूल पेटलेली, पाणी तापलेलं, शेगडीत ओवा टाकलेला. अक्का पदर खोचून उभ्या होत्या. मी त्यांच्याशी बोलणं सोडलेलं होतं. त्यांनी ते मोजलंच नाही. "आत ये. वारं लागंल," म्हणाल्या.

महिनाभर त्या रोज आल्या. मला तेल लावलं, शेक दिला, डिंकाचे लाडू केले. त्यांच्या हाताला इतकी माया होती की राग धरून ठेवायला मला कष्ट पडायचे. कुणी आपलं वाईट केलं आणि तेच आपले पाय चेपायला लागलं तर माणसाने काय करावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

एका सकाळी त्या न्हाणीघरात पाय लांब करून बसल्या होत्या, पायांवर पोर पालथी, तिच्या पाठीवर पाणी ओतत होत्या. मी भिंतीला टेकून बसले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "अक्का, मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

त्यांचा हात थांबला नाही. "कायबी न्हाई."

"मग मला का वाईट केलंत? सुनीता शिकायला गेलीय. मी पाठवलंय तिला."

"मला ठावं हाय. जायच्या आदल्या दिशी पाया पडाय आली, तवा सांगितलं तिनं."

मला ऐकू आलं ते खरं वाटेना. "तुम्हाला माहीत होतं?"

"मंदे, आजारी सून किती दिस माहेरी ठिवत्याल? म्हैन्यात तुझी सासू बैलासारखी दावं धरून तिला परत आनती. का गेली, ह्याला कारन लागतंय. एक तर ती वंगाळ, न्हाईतर तू. ती वंगाळ झाली तर तिला नवऱ्याच्या घरात जागा न्हाई. तू झालीस तर ती बिचारी. बिचारीला लोक माहेरी सुखानं ऱ्हाऊ देत्यात. ऱ्हायली का न्हाई?"

राहिली होती. सासूबाईंनी स्वतःच सांगितलं होतं की राहू दे तिला.

"मला विचारायचं तरी," मी म्हटलं.

"इचारलं असतं तर तू व्हय म्हनली असतीस. मग त्या शुक्रवारी तुझं तोंड खोटं दिसलं असतं. तुला खोटं येत न्हाई. तुझा राग खरा पायजे व्हता." त्यांनी पोरीला उताणी करून तिच्या टाळूवर पाणी सोडलं. "आनि तू सोसशील, हे मला ठावं व्हतं."

तू सोसशील. हे वाक्य मी माहेरी ऐकलं, सासरी ऐकलं. जो म्हणतो त्याला वाटतं तो आपलं कौतुक करतोय. मला वाटलं तांब्या उचलून फेकावा. पण त्यांच्या पायावर माझी मुलगी होती.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "ती पास झाली की मी माझ्या तोंडानं कहाणी फिरवीन. देवीची आन."

ती तीन वर्षं मी कशी काढली ते मला माहीत. श्रावणातल्या दर शुक्रवारी जात राहिले, कारण गेले नाही तर त्याचाही अर्थ निघाला असता. कुलकर्णीबाई माझ्याशी बोलताना "तुम्ही काय बाई" एवढं म्हणून थांबायच्या. कुणाच्या घरी नवी सून आली की तिला माझ्या शेजारी बसवत नसत. मधल्या काळात सुनीताने सासूबाईंना आपल्या परीने सांगून पाहिलं, "ताईंनी मला त्रास दिला नाही हो." सासूबाई गावभर सांगत सुटल्या, "किती गुणाची पोर! जावेने हाकललं तरी तिलाच सांभाळून घेते." दिराला मी म्हटलं, तुम्ही बोला. तो म्हणाला, "जाऊ द्या ना वहिनी, आता चाललंय ते बरं चाललंय." बरं चाललं होतं, सगळ्यांचं.

सुनीता पास झाली. जयपूरला आली, प्रताप नगरला त्या दोघांनी खोली घेतली आणि तिला एका हॉस्पिटलात नोकरी लागली. सासूबाईंचा विरोध कुठल्या कुठे गेला. जावेच्या त्रासाने माहेरी गेलेली पोर तिथे रडत न बसता शिकली, याचा त्यांना अभिमान वाटायला लागला.

त्या श्रावणात मी अक्कांना आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, "फुडच्या शुक्रवारी." पुढच्या शुक्रवारी म्हणाल्या, "आज बायका कमी हायत." शेवटच्या शुक्रवारी मात्र त्यांनी मला समोर बसवलं, अक्षता दिल्या आणि सुरू केलं.

"आटपाट नगर व्हतं. दोन जावा व्हत्या. थोरली लई गुनाची."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अक्का सांगत गेल्या, थोरलीने धाकटीला कसं शिकायला पाठवलं, कशी गप्प राहिली. पण कहाणी चालेना. इतकी वर्षं ऐकत होते, त्यांचा आवाज कधी असा अडखळला नव्हता.

"मग धाकटी वाईट होती का?" कुलकर्णीबाईंनी विचारलं.

"न्हाई, तीबी चांगली."

"सासू?"

"सासू... तिच्या परीनं बराबर."

"अहो अक्का, मग देवी आली कशाला? शाप कुणाला दिला?"

अक्कांच्या कपाळावर घाम आला. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मला. म्या खोटं सांगितलं व्हतं. वंगाळ मी."

मग कुलकर्णीबाई हसल्या. "काहीतरीच काय! मंदाताईंना बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेताय. केवढं हो मन तुमचं!" एकीने डोळ्याला पदर लावला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "हिनेच सांगायला लावलं असेल." अक्षता वाहून झाल्या, दूध झालं, फुटाणे झाले. अक्का आणखी थोर होऊन बसल्या आणि मी होते तिथेच होते.

निघताना दारात त्यांनी माझा हात धरला. "मंदे, बायकांना ही सवय म्याच लावली गं. इतकी वर्सं त्येंनी तुझ्यावर राग धरला. आता त्यो ठिवायचा कुठं? त्येंना जागा देता आली न्हाई मला."

मी हात सोडवून घेतला आणि घरी आले.

त्या थंडीत अक्का गेल्या. छातीत दुखतंय म्हणाल्या आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. बायका जमल्या. प्रत्येकीजवळ अक्कांच्या चांगुलपणाची एक आठवण होती, आणि खोटी एकही नव्हती. माझ्याजवळही भाजीवाल्याची होती, बाळंतपणाची होती. तेवढ्याच सांगायच्या आणि मधली गाळायची, हे मला जमेना. म्हणून मी काहीच बोलले नाही. तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल, बघा, डोळ्यात पाणीसुद्धा नाही. नव्हतंच.

पुढे काही महिन्यांनी सासूबाई जयपूरला आल्या. सुनीताकडे राहत होत्या, पण ती ड्यूटीला गेली की दुपारच्या माझ्याकडे यायच्या. एक दिवस मी लसूण सोलत होते आणि त्या सुनीताचं कौतुक करत होत्या. मी सोललेली पाकळी खाली ठेवली आणि सांगायला लागले. फॉर्मपासून सगळं. स्टेशनचा रस्ता, कहाणी, अक्षता, न्हाणीघरात अक्का जे बोलल्या ते, शेवटच्या शुक्रवारी जे बोलल्या ते. इतकं सलग मी कधी बोलले नव्हते. माझा मलाच आवाज ओळखू येईना.

सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मला वाटलं, पटलं. मग त्या म्हणाल्या, "तू म्हणते तर असेल. पण गेलेल्या माणसाच्या नावावर कोणी बी काही सांगेल. त्या अक्का आज असत्या, तर त्यांनाच विचारलं असतं मी. ती बाई खोटं बोलणारी नव्हती."

लसूण तसाच टाकून मी आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. अक्का गेल्याचं रडू मला त्या दिवशी आलं. रागानेच आलं, पण किती तरी वेळ थांबेना.